नाक्यावरच्या माणसाला विचारा

मंडळी, या धाग्यावर मी बरीच वर्षं येतो, पण हसायला. पांढऱ्या साडीतली बाई, मागच्या सीटवर बसून गायब झालेला पॅसेंजर... वाचायचं, बायकोला वाचून दाखवायचं आणि घोरत पडायचं. मी वाळूजला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. मापाचं गेज लावल्याशिवाय पार्ट ओके म्हणत नाही, मग तो साहेबाच्या मेव्हण्याच्या मशीनवर का बनलेला असेना. देवळात जातो तो प्रसादापुरता. असा मी आज इथं लिहायला बसलोय, यावरून काय ते समजा. आता कुणी माझ्यावर हसलं तरी चालेल, पण आधी पूर्ण वाचा.

पहिल्यांदा घरातली एक जुनी गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढं आहे. मूलबाळ नाही. यजमान गेल्यापासून गारखेड्यात आमच्याकडेच असते. ती सात-आठ वर्षांची असतानाची गोष्ट. निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. आमचं गाव रोटेगावजवळ, निजामाच्या हद्दीत. आजीचं माहेर नगरसूलच्या पलीकडं, इंग्रजांच्या मुलखात. आज तिथं नुसता जिल्हा बदलतो, पण तेव्हा ती सरहद्द होती. तिथं निजामाचा नाका होता आणि आत येणाऱ्या मालावर जकात भरावी लागायची. करोडगिरी म्हणायचे तिला.

माझे वडील नुकतेच जन्मले होते. पहिला मुलगा म्हणून पणजीनं, म्हणजे आजीच्या आईनं, आजीसाठी सोन्याची बोरमाळ केली. ती आणायला आजोबा सायकलवर गेले आणि पुढं दांडीवर आत्याला बसवून नेलं. रस्ता असा नव्हताच, रेल्वे लाइनच्या कडेकडेनं पायवाट होती. निघताना पणजीनं बोरमाळ आत्याच्या गळ्यात घातली आणि वरून झगा चढवला. लहान पोरीचा गळा कोण बघतंय, हा हिशेब.

वाटेत आजोबांना उलट्या सुरू झाल्या. पटकीची साथ होती. घरी येऊन जे अंथरुणावर पडले ते शुद्धीवर आलेच नाहीत, दुसऱ्या दिवशी गेले. आणि रडारड जरा ओसरल्यावर आजीनं पोरीचा झगा काढला तर गळ्यात माळ नाही.

आत्या म्हणाली, नाका यायच्या आधी एका विहिरीवर बानं काढून घेतली. मला पाणी प्यायला पाठवलं, मी येईस्तोवर त्यानं कुठं तरी ठेवली होती. पण आजोबांच्या अंगावर काही निघालं नाही, पिशवीतही नाही. मग काय, सगळ्यांनी एकच अर्थ काढला. पोरीनं माळ हरवली आणि मेलेल्या बापाच्या माथी मारतेय. आजीनं तिला मरेस्तोवर मारलं म्हणे. त्यावर ती एकच वाक्य बोलायची.

"नाक्यावरच्या माणसाला विचारा. त्यानं माझा गळा बघितला हुता. तवाच काय नव्हतं."

म्हणजे नाक्याच्या आधीच माळ काढलेली होती. बरोबर आहे की नाही? नाक्यावर गळा रिकामा होता एवढं एका माणसानं सांगितलं असतं तर पोर सुटली असती. पण त्याला जाऊन विचारणार काय? आम्ही तुमची करोडगिरी चुकवून सोनं आणत होतो, तेव्हा आमच्या पोरीच्या गळ्यात ते होतं का हो? कोण जाणार? कुणी गेलं नाही. मग निजाम गेला, नाका गेला, नाक्यावरचा माणूसही कुठं गेला असेल तो गेला.

राहिलं ते वाक्य. आमच्या घरात त्याचा विनोद झाला. रिमोट सापडत नाही? नाक्यावरच्या माणसाला विचारा. चष्मा? नाक्यावरच्या माणसाला विचारा. माझ्या पोरांनाही हे पाठ, कारण न कळता पाठ. आत्या ऐकायची आणि लसूण सोलत बसायची. तिच्या स्वतःच्या लग्नात तिचे दागिने जावेकडे सांभाळायला दिले होते. आयुष्यात तिच्या कमरेला कधी कपाटाची किल्ली आली नाही, आणि तिनंही कधी मागितली नाही.

आता सायकल. आजोबांची ती जुनी चोवीस इंची सायकल गावी माळ्यावर पडून होती. मागच्या वर्षी मला हौस आली आणि मी ती माजिदभाईकडे आणून टाकली. माजिदभाईचं शहागंजात सायकलचं दुकान आहे, आणि दर रविवारी आम्ही दोघं मिळून कुठं तरी राइड मारतो. त्यानं सायकल उघडली, बेअरिंगं बदलली, रंग मारला. फक्त सीटचा दांडा निघेना. गंजून नळीत जाम झालेला.

"कापना पडेगा सतीशभाई," तो म्हणाला.

मी नको म्हटलं. आजोबांच्या उंचीला बसवलेली सीट होती आणि ती मला बरोबर बसत होती. राहू दे तशीच.

तर याच सायकलवर एकदा परमुलखात जाऊन यायचं, अशी टूम मी काढली. सकाळी निजामाच्या हद्दीतून निघायचं, इंग्रजांच्या हद्दीत जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत परत. ना व्हिसा, ना पासपोर्ट. रेल्वेची लाइन मोठी केली तेव्हा काही ठिकाणी वळणं काढून ती सरळ केली, त्यामुळे जुन्या छोट्या गाडीचा भराव बाजूला तसाच पडून आहे. रूळ गेले, स्लीपर गेले, खडी आणि मोऱ्या राहिल्या. सायकलला तेवढं पुरतं.

फेब्रुवारीतला रविवार. माजिदभाईच्या छोट्या टेंपोत सायकली टाकून रोटेगाव गाठलं, टेंपो ओळखीच्याकडे लावला आणि निघालो. दोन्ही बाजूंनी कांदा, मका, मध्ये बाभळी. टायरखाली खडी सारखी कुरकुरत होती. माजिदभाई त्याच्या गिअरवाल्या सायकलवर पुढं, मी आजोबांच्या सायकलवर मागं, धापा टाकत. लांब अनकाईचा डोंगर दिसत होता. मी तरी खूश होतो बुवा.

हद्दीजवळ भरावाला लागून दगडी भिंतींची एक खोली आहे. छप्पर नाही, दार नाही, नुसती चौकट. वाटेत चहावाल्यानं सांगितलं होतं, तीच करोडगिरीची खोली. तिथं थांबून आम्ही डबा खाल्ला. चौकटीत उभं राहून फोटो काढावा म्हणून मी गेलो, तर आत पाऊल टाकायला जागा नाही. घायपात माजलं होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि चौकटीतून भाल्यासारखी पानं बाहेर आलेली. पोटरीला ओरखडा घेऊन मागं फिरलो. बाहेरूनच फोटो काढला. तो माझ्याकडे आहे, आणि त्यात घायपात दिसतंय. हे लक्षात ठेवा.

नगरसूलला जेवलो. आजीच्या माहेरी आता कुणी नाही, तरी पुढं तिच्या गावात एक चक्कर मारली आणि परत फिरलो. दुपार कलली होती, पण लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टी अंधारात होतात असा माझाही समज होता.

खोली जवळ आली तेव्हा वाटेवर बांबू आडवा टाकलेला दिसला. त्याच्यापाशी स्टुलावर एक माणूस बसला होता. खाकी कोट, चुरगळलेला. छातीवर आडवा पट्टा आणि त्यावर पितळेचा बिल्ला. हातात वेताची काठी. मला वाटलं, इथं कुठं सोलारचं काम चालू असेल, त्याचा वॉचमन. माजिदभाईलाही तेच वाटलं.

"कहां से आए?" माणूस उठला.

"नगरसूल से, चाचा," माजिदभाई म्हणाला. "आगे रास्ता बंद है क्या?"

"सामान में क्या है?"

"टिफिन है, पंप है. टिफिन खाली है. कायकू पूछ रहे?" माजिदभाई हसत होता. मीही हसत होतो, मोबाइल काढावा का असा विचार करत होतो.

तो माणूस हसला नाही. त्यानं माजिदभाईच्या सायकलकडे नजरही टाकली नाही. सरळ माझ्याकडे आला. सायकलच्या पुढच्या दांडीवरून, जिथं पूर्वी लहान पोराला बसवायचे तिथून, त्यानं हात फिरवला. मग काठीची मूठ सीटखालच्या नळीवर ठोकली. एकदा वर, एकदा खाली. कान देऊन ऐकलं. आम्ही कारखान्यात कास्टिंग आतून पोकळ तर नाही म्हणून ठोकून बघतो ना, तसंच, आणि मला ते तेव्हा आवडलंही.

"उस रोज बच्ची का गला देखा था मैंने," तो म्हणाला. "गला खाली था. ये नली नहीं देखी. मेरी गलती."

त्यानं बांबू उचलला. "जाओ."

आणि आम्ही गेलो. यावर माझा अजून विश्वास बसत नाही, पण आम्ही मुकाट्यानं सायकली काढल्या आणि गेलो. पन्नासेक पावलं गेलो असू. माजिदभाईनं मागं वळून विचारलं, "कौनसी बच्ची रे? क्या बोला वो?"

तेव्हा माझ्या डोक्यात ते शिरलं. ब्रेक लावायचंही सुचलं नाही, सायकल आपोआप बाभळीत जाऊन अडकली आणि मी खाली बसलो. माजिदभाईला वाटलं ऊन लागलं. पाणी तोंडावर मारायला लागला. मी त्याला म्हटलं, परत चल. आत्ताच्या आत्ता परत चल.

परत आलो. बांबू नाही. स्टूल नाही. खोलीच्या चौकटीतून घायपात बाहेर आलेलं, सकाळी होतं तसंच. मी वेड्यासारखा खोलीला वळसा घातला. दोन्ही बाजूंना कांद्याचं रान, गुडघ्याएवढंही पीक नाही, खोलीपाशी लपायला झाड नाही. लांबवर एक बाई खुरपत होती, तिला ओरडून विचारलं, इथं खाकी कोटातला माणूस होता तो कुठं गेला? ती म्हणाली, "कोन माणूस? तुमी दोघंच हुतात की. सायकली धरून उभं हुतात."

माजिदभाईचा चेहरा पांढरा पडला होता. तो पाच वेळा नमाज पढणारा माणूस, पण असल्या गोष्टींची माझ्याइतकीच टिंगल करणारा. त्यानं काहीतरी पुटपुटलं, मला हाताला धरून सायकलकडे ओढलं आणि म्हणाला, "चल यहां से. पीछे देखना नक्को."

टेंपोत मी त्याला आत्याची गोष्ट सांगितली. पहिल्यांदा. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढं मी स्वतःला दहा वेळा विचारलं की आधी कधी त्याला सांगितली होती का. नव्हती. तो तर म्हणतो कुराणावर हात ठेवून सांगतो. ऐकून झाल्यावर त्यानं टेंपो सरळ शहागंजात दुकानासमोर नेऊन उभा केला.

दुकान उघडलं, शटर अर्धं खाली घेतलं. मी म्हटलं गॅसनं तापव, दांडा निघेल. तो म्हणाला, "आग नहीं. अंदर लाख होगी, जल जाएगी." बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, हे मला सुचलं नव्हतं. म्हणजे त्यानं आत माळ आहे असं धरूनच टाकलं होतं. मी मात्र मनात म्हणत होतो, काही नसू दे. खरंच सांगतो. आत काही नसतं तर ऊन लागलं म्हणून विषय मिटला असता आणि मी सोमवारी नेहमीसारखा कामावर गेलो असतो.

त्यानं नळी व्हाइसमध्ये आवळली आणि हॅकसॉ चालवला. दांडा तुटला, आतून तो पोकळच होता. त्यानं नळी उलटी करून लाकडी हातोडी मारली. गंजाचा भुगा पडला. पुन्हा मारली. एक चिंधीचा बोळा पडला, काळा, चुरा होत आलेला. माजिदभाईनं त्याला हात लावला नाही. म्हणाला, "तू उठा. तेरे घर का है."

चिंधी बोटांत विरली आणि सोन्याचे मणी ग्रीस लागलेल्या फरशीवर घरंगळले. दोरा केव्हाच कुजला होता. मी गुडघ्यावर बसून मणी वेचत होतो आणि मोठ्यानं रडत होतो. का रडत होतो ते तेव्हा सांगता आलं नसतं. माजिदभाई काउंटरखाली बॅटरी मारून मणी शोधत होता आणि तोही नाक ओढत होता.

दुसऱ्या दिवशी सोनाराकडून माळ गाठवून आणली. आत्या नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या दाराशी लसूण सोलत होती. वडील समोर पेपर वाचत होते. मी माळ तिच्या ताटलीत ठेवली.

तिनं ती लगेच ओळखली. हात लावला नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "नाक्यावरच्या माणसाला इचारलं व्हय?"

"मी नाही विचारलं, आत्या. त्यानंच सांगितलं."

मग सगळं सांगितलं. खाकी कोट, बिल्ला, काठी. ती मध्येच म्हणाली, "डाव्या हातात व्हती ना काठी?" आणि मंडळी, काठी डाव्याच हातात होती, आणि ते मी सांगितलं नव्हतं.

वडिलांनी पेपर खाली ठेवला होता. ज्यांच्या जन्माच्या आनंदात ती माळ केली होती, ते हेच. ते उठले, आत्याच्या पायाशी खाली बसले. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात, पण बसले. म्हणाले, "आक्का, आपल्या हातून लई वंगाळ झालं." आणि माळ उचलून तिच्या हातात द्यायला लागले.

आत्यानं हात मागं घेतला.

"माझ्याजवळ नगं देऊ, बाळू," ती म्हणाली. "हरवंल."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. आम्हीच तिला शिकवलेलं ते, तिनं साधेपणानं परत केलं. वडील हमसून हमसून रडायला लागले. आतून बायको धावत आली, पोरं आली. शेवटी वडिलांनी स्वतःच्या हातानं ती माळ तिच्या गळ्यात घातली, आणि ती नाही नाही म्हणत राहिली.

त्यानंतर मी खूप डोकं लढवलं. उन्हानं भास होतो, मान्य. पण दोघांना एकच भास? आणि माजिदभाईनं 'बच्ची' कुठून आणली? आजोबांची सायकल आणि आत्याचं वाक्य, दोन्ही मला लहानपणापासून माहीत, मग माझ्याच मनानं दोन आणि दोन जोडले, हेही मान्य. पण मग डावा हात? बाईला माणूस का दिसला नाही? कशालाच गेज लागत नाही. माजिदभाई तर विषयच काढू देत नाही. मी ओकेही म्हणू शकत नाही आणि रिजेक्टही करू शकत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, फक्त 'आत्मा' म्हणून मोकळे होऊ नका.

एक राहिलं. आत्यानं हट्ट धरला, मला तिथं ने. मागच्या रविवारी गाडीनं नेलं. जिथपर्यंत गाडी जाते तिथपर्यंत, आणि पुढं मी आणि वडिलांनी दोन्ही हातांना धरून. खोली तशीच होती. कुणी नव्हतं. बांबू नव्हता. ऊन होतं आणि कांद्याच्या रानात पाणी सोडलेलं होतं.

आत्यानं आमचे हात सोडवले. जिथं बांबू असायचा बरोबर तिथं जाऊन उभी राहिली, मी जागा दाखवली नव्हती. तिनं खांद्यावरचा पदर बाजूला केला, मान वर केली आणि गळ्यातली बोरमाळ समोर धरून उभी राहिली, एखाद्या लहान पोरीला सांगितल्यावर ती उभी राहते तशी. आम्ही मागं थांबलो. काही झालं नाही. वारासुद्धा आला नाही.

मग तिनं पदर सारखा केला आणि वळली.

"चला," ती म्हणाली. "सोडलं त्यानं."